मैत्रीचा नवा मेल

"तुझा विश्वास बसायचा न्हाई, पोरी," भिमाजीकाकांनी सुरुवात केली. "चाकणच्या कंपनीत लाईट गेलेली, सर्व्हर ठार बंद. तरीबी माझ्या काळ्या पडद्यावर जर्मनीचा मेल येऊन बसला! साहेब म्हणला, भिमाजी, हा प्रोग्राम हाय का भुताटकी?"

प्राजक्ता हसली. मागच्या खेपेला जर्मनीच्या जागी जपान होतं.

हिंजवडीचा ट्रॅफिक तुडवत ती चिंचवडला आली होती, कारण काकांचा जुना कॉम्प्युटर घरघर करायला लागला होता, आणि त्यात मैत्रीचे सगळे मेल होते. मैत्री काकांची एकुलती लेक, प्राजक्ताची जिवलग. दोन वैशाख झाले, नाशिक फाट्यावर अपघातात गेली. अंत्यविधीला त्रिशरण म्हणताना प्राजक्ता तिच्या उशाशी उभी होती.

मेल नव्या लॅपटॉपवर उतरवून झाले. काकांना चित्रांची, रंगांची अ‍ॅपं नकोत. नुसती अक्षरं हवीत. म्हणून तिनं मेल वाचायचे तसे दोन प्रोग्राम टाकले होते.

"हा गरीब आहे काका. कुठलं बटण दाबायचं ते खाली लिहिलेलं असतं. तो दुसरा खडूस, स्वतःहून काही सांगत नाही. पण मेलचा डोंगर घाला, अडकत नाही. आणि नेट गेलं तरी उतरवलेले मेल इथंच."

"ते ऱ्हाऊ दे. वाचलेला मेल परत नवा करता येतो का?"

"पहिल्यात आधी सेटिंग बदलावं लागेल. दुसऱ्यात तुमच्या जुन्यासारखंच एकच बटण. एन."

"मग खडूसच ठेव."

"एवढंच बघायचं होतं?"

"मग! मैत्रीचा मेल येतो ना रोज सकाळी. आजबी आला." काकांनी जुना पडदा तिच्याकडं वळवला. "भरवशाचा प्रोग्राम हाय माझा. ती कुठंबी असू दे, धाडलेलं पोचवतो."

सगळ्यात वरच्या ओळीपुढं नव्या मेलची खूण होती, एन. पुढं मैत्रीचं नाव. 'पप्पा, शिफ्ट सुटली. पोहे करून ठेवा.' तारीख त्याच वैशाखातली.

प्राजक्तानं कीबोर्डकडं पाहिलं. सगळी अक्षरं शाबूत होती. एनचं तेवढं पार पुसलं गेलं होतं.

"बघ की! नवा हाय का न्हाई?"

"नाही, काका," प्राजक्ता म्हणाली. "रोज सकाळी तुम्हीच नवा करता त्याला."