आवाज तुटल्यावर

अनिताने डब्याच्या पाठीचे चार स्क्रू काढून वाटीत टाकले आणि सोल्डरिंग गन तापायला लावली.

सकाळी कंपनीची बस तिला न्हावऱ्याच्या फाट्यावर सोडून गेली, तेव्हापासून ती आडवी झाली नव्हती. रांजणगावच्या कारखान्यात रात्रभर सर्किटच्या पट्ट्या तपासून डोळे चुरचुरत होते. पण दुपारी दोनला मस्कतहून नवऱ्याचा फोन यायचा. त्याआधी हे उरकायला हवं होतं.

डबा म्हणजे बिनवायरचा स्पीकर. नवऱ्याने, माऊलीने, परदेशी जाताना आईसाठी दौंडच्या बाजारातून आणलेला. सासूला, कस्तुराबाईला, ऐकू कमी येई. फोन डब्याला जोडला की लेकाचा आवाज दोन्ही खोल्यांत घुमे. पण माऊलीच्या साइटवरचं नेट सारखं तुटे, आणि तुटताना डबा अशी किंचाळी फोडी की शेजारची ताईबाई पीठ भरल्या हातांनी दारात येई. दिवसा झोपणारी अनिता तर रोज छाती धरून उठे. गेल्या मंगळवारी कस्तुराबाईच दचकून ओट्यावरून पडली. मनगटाला अजून पट्टी होती.

दौंडच्या दुरुस्तीवाल्या पोपटमामांनी डबा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"ह्यात काय राम न्हाई, पोरी. नवा घे."

मग तिने कारखान्यात चहाच्या सुट्टीत लाइनवरच्या धम्मदीपला विचारलं. त्याने हाताच्या तळव्यावर पेनाने आकृती काढून दाखवली. आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. तुकडे अर्धवट आले की डबा त्यातूनच काहीबाही जुळवतो, तीच किंचाळी. तुकडे थांबताक्षणी डब्याचं तोंड मिटायचं, ते नीट यायला लागले की हळूच उघडायचं. त्यासाठी आतल्या चिपला एक पाय, म्हणजे पिन, असतोच, स्वस्त डब्यात तो कुणी जोडत नाही, एवढंच.

अनिताने तो पाय जोडला. धूर नाकात गेला. टाका चांगला बसला.

"आत्या, आता किंचाळायचा न्हाई ह्यो," ती सासूच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "नेट गेलं तर नुसता गप व्हईल."

"बरं. तू जा, पड आता."

ती आतल्या खोलीत जाऊन पडली. मधे दार नव्हतं, जुन्या साडीचा पडदा होता.

फोन आला. माऊलीचा आवाज घुमला. जेवण, ऊन, गाईचं दूध. मग तो म्हणाला, "आई, मी आणखी दोन वर्षांचा करार करतोय. अनिताला सांग, म्हणजे ती..."

आणि आवाज थांबला. किंचाळी नाही, खरखर नाही. अनिताने छातीवरचा हात काढला. टाका टिकला होता. तिचे डोळे मिटत आले.

"माऊली," कस्तुराबाई बोलत होती, "अनिताचं तू मला कशाला सांगाय लावतोस?"

आत्याला कळलंच नाही, अनिताच्या मनात आलं. तुटलंय म्हणून सांगायला ती उठली आणि पडद्यापाशी पोचली.

"तुला मस्कतला धाडायला मी सांगितलं व्हतं. ती न्हाई म्हणत व्हती. चुलीम्होरं बसून रडली व्हती. आन् मी भावकीत सांगितलं, सुनंनं धाडला, तिला बंगला पायजे. तुझ्या चुलत्यांनी तिला भावकीतल्या एका लग्नात तोंडावर टोचलं, तवा मी पंगतीत बसले व्हते. वर बघितलं न्हाई."

अनिताचा हात पडद्यावर तसाच राहिला. त्या लग्नातून ती न जेवता परतली होती. घरी आल्यावर कस्तुराबाईने तिच्यासाठी पिठलं टाकलं होतं, आणि दोघींपैकी कुणी काही बोललं नव्हतं. याला तीन वर्षं झाली होती.

"रातभर काम करती, आन् आल्यावर माझं मनगट चोळती. एकदाबी ईशय काढला न्हाई. तिनं भांडाय पायजे व्हतं. भांडली असती तर मला बोलता आलं असतं."

कस्तुराबाईने पदराने तोंड पुसलं. डबा मुका होता.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. तिने चांगल्या हाताने हिरव्या खुणेवर बोट ओढलं.

"आई, नेट गेलं व्हतं. काय म्हणत व्हतीस?"

"काय न्हाई. उन्हाचं फिरू नगं, म्हणत व्हते. आन् कराराचं तू तुझ्या बायकोला इचार. तिनं हो म्हणल्याबिगर सही करू नगं."

"तिला काय इचारायचं? तिचंच तर म्हणणं..."

"न्हाई. तिचं नव्हतं. माझं व्हतं."

तो हलकेच म्हणाला, "बरं. संध्याकाळी करतो तिला."

फोन ठेवून कस्तुराबाई उठली तेव्हा तिला पडदा धरून उभी असलेली अनिता दिसली. अनिताला काहीतरी म्हणायचं होतं. तिने जे म्हटलं ते भलतंच होतं.

"आत्या, मघाशी फोन तुटलेला व्हता. तुम्ही निस्त्या डब्याशी बोलत व्हता."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. "माझा माऊली एवढा वेळ गप बसून आईकतो का कवा?"

तिने पडदा अनिताच्या हातातून सोडवला आणि नीट ओढून घेतला.

"पड जा. गाईला पाणी मी दावते."

अनिता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बाहेर बादलीची कडी वाजली. एका हाताने भरलेली बादली फरशीवरून ओढली जात होती, मधे थांबत होती, पुन्हा ओढली जात होती. अनिता उठून बसली. बादली परत थांबली, तेव्हा तिने पाय खाली सोडले. मग बादली पुन्हा सरकू लागल्यावर पाय वर घेतले आणि चादर ओढून घेतली.