खसखशीचं पथ्य

खसखस खाजवायला लागली तेव्हा आधी सगळ्यांना गंमतच वाटली. एवढीशी कुत्री, मागचा पाय कानामागे नेला की तोल जाऊन कुशीवर लवंडायची, आणि पडल्या पडल्याही पाय हवेत चालूच. पण कानांच्या आतली कातडी लालेलाल झाली, पंजे चाटून चाटून त्यांच्यावरचे पांढरे केस गंज चढल्यासारखे तांबूस दिसायला लागले, तेव्हा थोरलीने तिला टोपलीत घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पिसवा नाहीत ना ते पाहिलं, कानात बत्ती घालून पाहिलं, कातडी खरवडून काचेवर घेतली. मग म्हणाल्या, "बहुतेक खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये. कोंबडी, अंडं, दूध, गहू, काहीही असू शकतं. शोधायचा रस्ता एकच. हिने आजवर कधी तोंडात न घेतलेलं असं काहीतरी निवडायचं आणि दोन महिने फक्त तेच द्यायचं."

"मासा तिने कधी खाल्ला नाही," थोरली म्हणाली.

"मग उकडलेला मासा आणि रताळं. बाकी कण नाही. चव लावलेल्या गोळ्या नाहीत, बिस्किटाचा चुरा नाही, कुणाचं ताट चाटणं नाही. एकदा जरी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. लहान कुत्र्याला तर नखाएवढा तुकडाही पुरतो." आणि दाराशी पोचवताना हसून म्हणाल्या, "कुत्र्याला पथ्य सांभाळणं सोपं असतं हो. घरातल्या माणसांना नसतं."

थोरलीला हे सांगायची गरज नव्हती. ती कवळ्या बनवायची. प्रयोगशाळेत दिवसभर भिंगाखाली बसून मेणात दात बसवायचे, तासायचे, पुन्हा बसवायचे. केसाएवढी चूक झाली तरी कुणाच्या तरी हिरडीला ती टोचणार, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने घरी येऊन सगळ्यांना समोर बसवलं आणि पथ्य समजावून सांगितलं. सगळे म्हणजे दोघंच. बाबा आणि धाकटी.

बाबा टेलर होते. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात नेला. म्हणजे हात जागेवर होता, बोटं थोडीफार वळायचीही, पण हाताला काही कळत नव्हतं. गरम कपाला बोट लागलं तरी डोळ्यांनी दिसेपर्यंत पत्ता नाही. चालायचं ते वॉकरच्या आधाराने, खोलीपासून खिडकीपर्यंत. धाकटी नवऱ्याचं घर सोडून वर्षभरापूर्वी परत आली होती आणि एका बेकरीत कामाला लागली होती. घरात शिरली की तिच्याबरोबर लोणी आणि व्हॅनिलाचा वास आत यायचा. बाबांची ती लाडकी. लहानपणी तिने काचेचं भांडं फोडलं की बाबा म्हणायचे, भांडंच निसरडं होतं.

पहिले काही आठवडे पथ्य छान चाललं. कान निवळले, पोटावरचे चट्टे सुकले. खसखस रात्रभर गाढ झोपायला लागली. आणि मग धाकटीची पाळी बदलली. ती पहाटे जाऊन दुपारी घरी यायला लागली, आणि त्याच सुमारास खसखस पुन्हा खाजवायला लागली.

थोरलीने आधी स्वतःलाच तपासलं. मासा बदलला का? नाही. भांडं वेगळं आहे का? आहे. मग एका संध्याकाळी तिने खसखशीला उचललं, तिचं तोंड नाकाशी धरलं आणि हुंगलं. माशाचा वास होताच. पण त्याच्याखाली, अगदी पुसट, व्हॅनिला होता.

तिने कुणाला काही विचारलं नाही. जेवताना ती धाकटीच्या हातांकडे बघत राहिली. धाकटी बोलता बोलता हात टेबलाखाली नेत होती. कशाला नेत होती? रुमालाला, असं दिसत होतं. ती खसखशीशी लाडेलाडे बोलायची, "ए चिमणे, उपाशी ठेवतात का गं तुला?" आधी हे ऐकून थोरलीला हसू यायचं. आता तिला ते कबुलीजबाबासारखं वाटायला लागलं.

धाकटी आंघोळीला गेली असताना थोरलीने खुंटीवरच्या तिच्या एप्रनचे खिसे तपासले. कणीसुद्धा नव्हती. पिशवी उघडली. तळाशी एक कागदी वाटी होती, रिकामी, आतून पिवळी आणि चिकट. व्हॅनिलाचं कस्टर्ड. अंडं आणि दूध, दोन्ही एकदम. ती वाटी हातात धरून थोरली उभी राहिली आणि तिला राग यायच्या आधी, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. आपलं बरोबर होतं याचं बरं.

"हे काय आहे?" धाकटी बाहेर आली तेव्हा तिने विचारलं.

"वाटी आहे. बाबांना कस्टर्ड आणते मी रोज. त्यांना चावायला त्रास होतो, तुला माहितीय की."

"आणि खसखशीला?"

"तिला काय?"

"तिच्या तोंडाला वास येतोय."

धाकटी केस पुसता पुसता थांबली. "मी तिला काही दिलेलं नाही."

"तुला दया येते. मला माहितीय. पण तुझ्या दयेपायी ते पोर कातडं ओरबाडून घेतंय."

"ताई, मी दिलेलं नाही म्हटलं ना?"

"मग कोण देतं? बाबा? त्यांना तर मी स्वतः बजावलंय."

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "काय झालं गं?"

"काही नाही बाबा," दोघी एकदम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून थोरली कामावर जाताना खसखशीला आपल्या खोलीत ठेवायला लागली. गादी, पाण्याचं भांडं, चघळायला दोरी, आणि दाराला बाहेरून कडी. बाबांना ते मुळीच पटलं नाही. "कोंडू नकोस तिला. बिचारी दिवसभर एकटी काय करेल?"

"एकटी आहे म्हणूनच बरी राहील."

बाबा काहीतरी बोलणार होते. थोरलीला वाटलं, आता हे धाकटीची बाजू घेणार. ती थांबलीच नाही, चपला घालून निघाली.

आणि खाज कमी झाली. आठवडाभरात कान पुन्हा गुलाबी झाले. थोरलीने हे मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, कशी छान झालीय!" धाकटी ताटातून वर न बघता म्हणाली, "हो. छान झालीय." त्यानंतर ती थोरलीशी फक्त कामापुरतं बोलायची. दूध संपलंय. गॅस बंद केलास का. बाबांची गोळी दिलीय. बाबाही गप्प झाले. कस्टर्ड अर्धं टाकायला लागले आणि खिडकीशी जायचं सोडून पलंगावरच बसून राहायला लागले. थोरली मनात म्हणाली, लाडकीला बोललं की यांचा रुसवा ठरलेलाच.

त्यातच एक दिवस धाकटी म्हणाली, "मी खोली बघतेय. बेकरीजवळ."

"का?"

"जवळ पडेल."

थोरलीने अडवलं नाही. तिला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून तोंड लपवतेय.

मग खाज परत आली. कडी लावलेली असताना. कामावरून आल्यावर कडी जशीच्या तशी असायची, खसखस आत गादीवर, आणि पंजे मात्र ओले. हुंगलं तर पुन्हा तोच वास. आता तर थोरलीच्या डोक्यात तिडीकच गेली. कडी काढायची, खाऊ घालायचं आणि परत लावून साळसूदपणे बसायचं! एवढी हट्टी? एवढी खोटारडी? नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा बहीण म्हणून आपण एक प्रश्न विचारला नव्हता. तेव्हाच विचारायला हवा होता का? हा विचार मनात आला आणि तिचा तिलाच जरा चटका बसला, पण तिने तो तसाच राहू दिला.

तिने कुणाला न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी जिना चढताना चपला हातात घेतल्या. किल्ली सावकाश फिरवली. दाराशी धाकटीचे बूट नव्हते. म्हणजे देऊन निसटलीसुद्धा, असं तिच्या मनात आलं. थोरलीच्या स्वतःच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि बाबांच्या खोलीतून आवाज येत होता. बाबा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते.

"अंगठा," बाबा म्हणत होते. "थांब. अंगठाच ना?"

थोरलीने दाराआडून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते, डोळे घट्ट मिटलेले. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटांना कस्टर्ड लागलेलं. मांडीवर खसखस. तिची इवलीशी जीभ एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जात होती.

"आता मधलं... नाही, त्याच्या शेजारचं." बाबांनी डोळे उघडले, खाली पाहिलं. खसखस खरोखर त्याच बोटाला चाटत होती. बाबांचा चेहरा असा काही झाला की थोरलीला बघवेना. परीक्षेत पहिल्यांदा पास झालेल्या पोरासारखा. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "चल. आता करंगळी."

"बाबा."

खसखस उडी मारून खाली आली आणि शेपूट हलवत थोरलीच्या पायाशी घुटमळली. बाबांनी हात झाकायला डावा हात पुढे केला, मग तसाच राहू दिला.

"तू लवकर आलीस," ते म्हणाले.

"कडी तुम्ही काढता?"

"डाव्या हाताने निघते. वेळ लागतो." ते जरा थांबले. "एकदा चमच्यातून सांडलं हातावर. ती आली चाटायला. आणि मला मुंगी चालल्यासारखं वाटलं गं. इथे, या बोटाला. मला वाटलं भास आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं लावून पाहिलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू लगेच डॉक्टरांना फोन केला असतास. सुई टोचून बघा, मोजून बघा. आणि ते म्हणाले असते, भासच आहे. मग?" बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "मला अजून थोडे दिवस ते तसंच राहू द्यायचं होतं. आणि मी तिला खायला देत नव्हतो. निदान मला तसंच वाटायचं. चाटणं म्हणजे काय खाणं?"

"तिचं अंग बघा बाबा."

बाबांनी पाहिलं. पोटावरचे ओरखडे ती मांडीवर बसलेली असताना त्यांना दिसले नसावेत. "हे यानेच? एवढ्याशाने?"

थोरली त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. तिला बरंच काही विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आम्ही दोघी भांडत होतो ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"आणि तुम्ही तिला बोलणी खाऊ दिलीत?"

बाबांनी मान खाली घातली. "रोज वाटायचं, आज सांगतो. मग ती कस्टर्ड घेऊन यायची, आणि वाटायचं, उद्या सांगू." लाडक्या मुलीविषयी ते असं वागू शकतात, हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने ओला रुमाल आणून त्यांचा हात पुसला, एकेक बोट. पुसताना न राहवून विचारलं, "कळतंय?"

"तुझं नाही कळत," बाबा म्हणाले. "तिचं कळतं. जीभ खरखरीत आहे ना."

कस्टर्ड देऊन खोली बघायला गेलेली धाकटी संध्याकाळी आली. थोरलीने दारातच सगळं सांगितलं, शेवटी म्हणाली, "माझं चुकलं. मी तुझ्यावर नको तो संशय घेतला."

धाकटीने बूट काढले, जागेवर ठेवले. "वाटीचं ठीक आहे. वाटी पाहून कुणालाही वाटलं असतं. पण तू माझे खिसे तपासलेस. एप्रन उलटा टांगला होतास. मला त्याच दिवशी कळलं."

थोरलीची नजर रिकाम्या खुंटीकडे गेली.

"तिकडेही हेच होतं," धाकटी म्हणाली. "तो रोज पिशवी तपासायचा. म्हणून निघून आले होते मी."

मग ती आत बाबांपाशी गेली. दार लोटून घेतलं. बाबांच्या रडण्याचा आवाज थोरलीने स्वयंपाकघरातून ऐकला, धाकटीचा मात्र ऐकू आला नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून. आणि बोटांना लावायचंच असेल तर माशाचं पाणी आणि रताळं लावा, त्याला माझी ना नाही. बाबांच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. दोन बोटांमध्ये थोडी जाणीव आहे, ते म्हणाले, वाढेलच असं नाही. बाबा म्हणाले, दोन तर दोन. पथ्य पुरं झाल्यावर एकेक जिन्नस देऊन पाहिला. कोंबडी चालली, दूध चाललं, गहू चालला. अंड्याचा बारीकसा तुकडा दिला आणि तिसऱ्या दिवशी कान लाल. तेवढं एक कायमचं बंद झालं.

पथ्य नव्याने सुरू झालं त्याच आठवड्यात धाकटी खोलीवर गेलीच. थोरलीने राहा म्हणून दोनदा विनवलं, तेव्हा ती म्हणाली, "रागाने नाही जात गं. मला माझी कडी हवीय, आतून लावायची." गादी दोघींनीच जिन्यावरून उतरवली.

महिन्याभराने तिने दोघांना जेवायला बोलावलं. बाबा रिक्षाने गेले, खसखस त्यांच्या मांडीवर. थोरलीने खसखशीचा डबा घरूनच घेतला होता, पण धाकटीने तो उघडूच दिला नाही. "मी शिजवलंय तिचं. मासा आणि रताळं. तवासुद्धा नवा आहे."

तिने वाटी खाली ठेवली. खसखस धावली. आणि थोरली, मनात नको नको म्हणत असताना, वाटीवर वाकलीच.

धाकटीने ते पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ, बघ. लाजू नकोस. वासही घेऊन बघ."

थोरलीने खरंच वास घेतला. मग तिला हसू फुटलं, आणि वाकलेली ती तशीच जमिनीवर बसली. धाकटी हसली नाही लगेच. ती बाबांचं ताट वाढत होती. दोन पदार्थ वाढून झाल्यावर तिच्या खांद्यांवरून थोरलीला कळलं की तीही हसतेय.