खुशालरावची लारी काहून बंद पडते?

एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय पार्बताबाईला घास गोड लागत नसे. नवरा म्हणायचा, "तुले नसत्या उठाठेवी पायजेत!" पायजेत तर पायजेत. वांगी अन् सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन ती तिवश्याहून अमरावतीच्या बाजाराला खुशालरावच्या छोट्या लारीत जायची, आणि ती लारी महिनाभरापासून वाटेत आचके देऊन बंद पडायची. आता सांगा, हिनं गप्प बसायचं कसं?

सन तेहेतीसचा हिवाळा. त्या दिवशी मालक खुशालराव स्वतः पुढं बसले होते. ड्रायव्हर देवीदासला त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "आज गाडी धड नाही पोचली तं किल्ली वामनरावले. नागपूरचा शिकेल ड्रायव्हर हाये, अमरावतीच्या अड्ड्यावर उभाच राहीन." देवीदासचं तोंड एवढंसं झालं. चार वर्षं त्यानं ती लारी लेकरासारखी सांभाळली होती. दुसरं कुठलं काम त्याला येतही नव्हतं.

मोझरीपाशी लारीनं उचक्या दिल्या आणि थांबली. देवीदासनं प्लग काढून पुसले, मग काचेपुढचं टाकीचं झाकण उघडून काडीनं पेट्रोल पाहिलं. हँडल मारलं, गाडी सुरू! चार-पाच मैलांवर पुन्हा तेच. या वेळी त्यानं पेट्रोलची नळी काढून फुंकली, पुन्हा काडी टाकून पाहिलं. पुन्हा सुरू.

"नजर लागली गाडीले," खुशालराव म्हणाले.

नजर म्हणे! पार्बताबाईनं मागं टोपल्यांत बसल्या बसल्या कान टवकारले होते.

नांदगाव पेठेच्या अलीकडे लारी तिसऱ्यांदा बंद पडली. देवीदास पाना घेऊन उतरला. पार्बताबाई टोपल्या ओलांडून खाली आली.

"थांब रे देवीदास. पाना ठेव तो. निस्तं झाकण उघड."

"पेट्रोल हाये वो मावशी, आताच तं पाह्यलं."

"उघड म्हणते ना!"

झाकण सैल झालं तशी फुस्स करून हवा आत गेली.

"ऐकलं? दोनी खेपेले हाच आवाज आला होता. आता मार हँडल."

गाडी सुरू झाली. खुशालराव बघतच राहिले.

"रॉकेलच्या डब्याले एकच भोक पाडलं तं तेल धड पडते का?" ती म्हणाली. "वारा घ्यायले दुसरं पाडा लागते. तुमच्या टाकीले नाही का दुसरं भोक?"

"झाकणालेच हाये बारीक..." देवीदास म्हणाला, आणि त्यानं हातातलं झाकण उजेडात धरलं. झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर चढला होता. पार्बताबाईनं अंबाड्यातला आकडा काढून तो खरवडला. खाली मोहरीएवढं भोक निघालं, गच्च बुजलेलं.

"अगं माय! कोणं लावला एवढा?"

"म्याच," देवीदास म्हणाला. "झाकण गाडीच्या कपाळावरच हाये ना. रोज सकाळी एक बोट लावत होतो. बंद पडाले लागली तशी दोन बोटं."

 खुशालरावांचा चेहरा लालेलाल झाला. तिथून अमरावतीपर्यंत लारीनं एक उचकी दिली नाही, आणि पार्बताबाईचा जीव काही थाऱ्यावर येईना. कळायचं ते कळलं, पण तिच्या चौकशीपायी बिचाऱ्याची भाकर गेली! नजर लागली म्हणत होते ते काय वाईट होतं? तिला स्वतःचाच राग आला.

अड्ड्यावर वामनराव कोट घालून उभा होता. कोणी काही विचारायच्या आत देवीदासनं किल्ली मालकापुढं धरली.

"घ्या मालक. चूक माहीच हाये."

खुशालरावांनी किल्ली घेतली नाही. त्यांनी वामनरावला हात जोडले. "माफ करा राजेहो, तुमाले फुकटचा हेलपाटा पडला."

"काहून? ड्रायव्हर बदलाचा होता ना?"

"होता." पार्बताबाईची नजर चुकवत खुशालराव म्हणाले, "सकाळचा शेंदूर याचा होता. संध्याकाळी हा घरी गेला की वरून मी लावत होतो. याले काढलं, तं मले कोण काढीन?"