उत्तम म्हणजे काय

जुन्या कपड्यांचं ते दुकान दोघी जावांचं. धाकटी धुणं आणि रफू बघायची, कपड्यांवर दर्जाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम थोरलीचं. नवंकोरं, उत्तम, बरं, डागी, अशा तिच्या चार पायऱ्या. कापड चमकलं आणि बटणं जागेवर असली की तिच्या लेखी ते उत्तम.

एका दुपारी नाटकाचे कपडे सांभाळणारी बाई आली आणि तिनं इथूनच नेलेलं मखमली जाकीट काउंटरवर टाकलं. पाठीवर उभी चीर गेली होती.

"उत्तम लिहिलं होतंत."

"तुमच्या नटानं हिसका दिला असेल," थोरली म्हणाली.

"नुसता हात वर केला त्यानं. जाकीट घातलं म्हणून माणूस हात वर करायचा नाही की काय?"

धाकटीनं कापड चिमटीत धरून हलकेच ताणलं. ते टरकन फाटलं. "ताई, सूतच विरलंय. दिसतंय छान, पण अंगावर टिकायचं नाही."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. तिनं पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

"पैसे घेऊन काय करू? संध्याकाळी प्रयोग आहे. शिवून द्या."

थोरली सुईदोरा घेऊन तिच्यामागोमाग थिएटरात गेली. कपडेपटाच्या खोलीत तिनं टाका घातला, तर शेजारी नवी भेग. पुन्हा घातला, पुन्हा तेच. शेवटी तिनं आतून जाड अस्तर लावलं आणि मखमल त्यावर टाचून घेतली. मग नटाला बजावलं, "हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत."

"अहो, मी बापाच्या अंगावर धावून जातो!"

"मग दुरूनच धावा."

प्रयोगात ती पडद्याआड उभी राहिली. तो प्रसंग आला. नट धावला नाही. हात खिशात घालून सावकाश चालत गेला आणि खालच्या आवाजात बोलला. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. जाकीट टिकलं.

दुसऱ्या दिवशी दोघी जावांनी रेशमी आणि मखमली कपड्यांची प्रत्येक शिवण ताणून पाहिली. निम्म्या "उत्तम"च्या चिठ्ठ्या उतरल्या. तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मुलीनं रेशमी झगा उचलला. "हा कसा आहे?"

"देखणा आहे," थोरली म्हणाली, "पण काखेत विरलाय. फोटोपुरता चालेल, नाचायला नाही."

"मला लग्नात नाचायचंय," ती मुलगी म्हणाली आणि झगा ठेवून निघून गेली.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं नवी चिठ्ठी घेतली आणि मुलीला सांगितलं ते जसंच्या तसं लिहून काढलं.