दाबून काहीच न होणारं बटण

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरचं. आणि तेही कागदाचं. हसा, खुशाल हसा!

पायी भटकणाऱ्यांची एक भलीमोठी संघटना आहे, लाखो सभासदांची. तिचं अ‍ॅप सगळ्यांना सोपं जावं म्हणून डोकं चालवायचं, हे आमच्या डिझायनरताईचं काम. ती आधी सगळं कागदावर काढते, सभासदांना बोलावून त्यावर बोट दाबायला लावते आणि स्वतःच्या हाताने पुढचा कागद सरकवते. चुका कागदावरच सापडलेल्या बऱ्या, असं तिचं म्हणणं. मला तिने चहा पिता पिता जाड कागदातून कापलं, आणि वर लिहिलं, 'जोडीदाराचं नाव वगळा'.

दुपारी एक काकू आल्या. नवराबायकोचं चाळीस वर्षांचं जोडीचं सभासदत्व. काका गेल्या वर्षी गेले. पण अ‍ॅपमध्ये एकाचंच नाव काढायची सोय नव्हती. रद्द करायचं तर दोघांचं. काकूंना तर अजून चालायचं होतं, आणि सभासदत्वाची मुदत महिनाअखेरीला संपत होती.

काकूंचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि अडलं.

"सापडलं ना, काकू?" ताईने विचारलं.

"सापडलं गं. पण यांना वगळू कशी? तूच सांग."

कोपऱ्यात बसलेले ताईचे साहेब पुटपुटले, "एका शब्दासाठी केवढा घोळ!" असा संताप आला म्हणून सांगू! पण कागदाला तोंड कुठे? ताईने मला उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'माझं सभासदत्व सुरू ठेवा'.

काकूंनी दोनदा वाचलं. डोळे पुसले. आणि मला असं ठासून दाबलं की माझी कड दुमडली, ती आजतागायत तशीच आहे.

"झालं?"

ताई ओशाळली. "काकू, हा नुसता कागद आहे हो. खरं बटण व्हायला वेळ लागेल."

"मग थांबते मी. पण मुदतीच्या आत कर हं, पोरी."

काकू गेल्यावर साहेब उठले आणि त्यांनी मला चिमटीत धरून स्वतः प्रोग्रॅमरच्या टेबलावर ठेवलं. "बाकीचं राहू दे. आधी हे."

पुढचे अठरा दिवस ताईने त्या प्रोग्रॅमरचं डोकं खाल्लं. मुदतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन वाजला.

"पोरी, दाबलं बरं का! रविवारी टेकडीवर निघालेय."

ताई खुर्चीतून उडीच मारून उठली.

आता मी तिच्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटलेला असतो. खरं बटण रोज कितीतरी लोक दाबतात. मला त्याचा हेवा नाही, पहिलं बोट माझ्यावर पडलंय. मजेत आहे मी. फक्त एक मागणं आहे, ताई. माझी चिकटपट्टी सुटली की नवी लाव, पण मला उलटा लावू नकोस. मागे अजून 'वगळा' लिहिलेलं आहे, आणि काकू कधीही भेटायला येतील.