हिल्केचे मुके पाय

मी जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याच्या आईवडिलांनी त्याची काळजी करावी.

मी एक जुनी उडीकाठी आहे, मित्रांनो. फ्रीसलंडच्या सखल कुरणांत, जिथे रस्ते कमी आणि पाण्याचे चर जास्त, तिथे माझी हयात गेली. माझं खालचं टोक चरात रोवायचं, धावत येऊन मला मिठी मारायची, मी पलीकडे कलते तोवर सरसर वर चढायचं आणि पलीकडच्या काठावर उतरायचं, एवढाच माझा धंदा. चढता आलं तो कोरडा, नाही आलं तो ओला. माझ्या दरबारात तिसरी जात नाही.

वोप्के नावाच्या गवळ्याने मला पाइनच्या एका सरळसोट खोडातून तासून काढलं. अख्खा हिवाळा गोठ्यात गाईंच्या उबेला बसून त्याने मला रंधा मारला, जवसाचं तेल पाजलं आणि चिखलात रुतू नये म्हणून बुडाला एक गोल चकती ठोकली. वसंत आला की मला खांद्यावर टाकून तो टिटवीचं पहिलं अंडं शोधायला निघे. एकदा तो अलीकडच्या काठावरून उडाला तेव्हा ब्रह्मचारी होता. पलीकडे शेजाऱ्याची मुलगी दूध काढत होती, तिच्या बादलीत उतरला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. आणखी एकदा आम्ही हवेत इतके रेंगाळलो की टिटवीने माझ्या शेंड्यावर अंडं घातलं, आणि उतरेपर्यंत पिल्लू बाहेर येऊन चिवचिवायला लागलं होतं.

फेन्ना खाकरली. वोप्केची ही नात आत्ता इथेच बसून मला तेल चोळते आहे, आणि टिटवीपाशी ती नेहमी खाकरते. खाकरू द्या.

पुढे ॲल्युमिनियमच्या काठ्या आल्या, मग काळ्या, चकचकीत, कार्बनच्या. त्या बोलत नाहीत, किरकिरत नाहीत, आणि माझ्या दुप्पट लांब नेतात. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे. माझं घर होतं तिथेच होतं, वासा तेवढा अडगळीत गेला. काठीउडीच्या क्लबच्या खोपटात आढ्याखाली दोन आकड्यांवर मला टांगलं आणि कोळ्यांनी माझा ताबा घेतला. वर्षातून एक दिवस तेवढा माझा, आणि त्याआधी त्याच्या सरावाचे काही महिने. गावच्या जत्रेत शेवटची उडी जुन्या लाकडी काठीवर घ्यायची, असा इथला रिवाज. जिंकेल त्याला बेकरीतला साखरखड्यांचा भला मोठा पाव. तो पाव वर्षानुवर्षं फेन्नाच खात होती, आणि तिच्या धाकट्या भावाला, हिल्केला, ती त्यातली कड देत असे. मधला गोड भाग नाही, कड. सतरा वर्षांच्या मुलाला याहून मोठं दुःख काय असणार?

आता एक गुपित सांगते. तळपाय म्हणजे माझं वर्तमानपत्र. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पायाला गुंडाळून मुलं माझ्यावर चढतात, पण रबराआडूनही मला सगळं वाचता येतं. कोण घाबरलंय, कोणाचं प्रेम जमलंय, कोण जेवलेलं नाही. हिल्केचे पाय तर बडबडे होते. त्याची बोटं मला खारीसारखी घट्ट धरायची. "या वर्षी नक्की, म्हातारे," असं ती म्हणायची, आणि मला ते पटायचं.

मग बंधाऱ्यावर, पंपघराच्या सावलीला, यॉरितची गाडी उभी राहायला लागली.

यॉरित हिल्केचा वर्गमित्र होता. मुलगा वाईट नव्हता, नुसता उंच होता. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने हसवणाऱ्या वायूचं नळकांडं बाळासारखं पट्टा लावून बसवलेलं असे. सराव संपला की पोरं गाडीभोवती गोळा व्हायची. फुस्स करून फुगा भरायचा, तोंडाला लावायचा, आणि मग मिनिटभर अशी हसाहस की बंधाऱ्यावरच्या मेंढ्या चरायच्या थांबायच्या. खोटं कशाला बोलू, ते हसू ऐकून सुरुवातीला मलाही गंमत वाटली. खोपटात कोळी हसत नाहीत. हिल्के सांगायचा की फुगा ओढला की उडीच्या ऐन टोकाला असल्यासारखं वाटतं, सगळं हलकं, आणि चढायचे कष्ट नाहीत.

मी मनात म्हटलं, पोरा, चढायचे कष्ट नाहीत म्हणतोस तिथेच गोम आहे. पण काठीला कोण विचारतो?

फेन्नाने विचारलं, पण यॉरितला. यॉरित तिला समजावायला लागला की घाबरण्यासारखं यात काही नाही, केकवरची मलई फुगवायला हाच वायू वापरतात, अजून मलईचं काही वाकडं झालेलं नाही.

"मलईला काठीवर चढायचं नसतं," फेन्ना म्हणाली.

पोरं त्यालाही हसली. फुग्याशिवाय हसली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आधी शनिवारचा फुगा होता, मग रोजचा झाला, मग एकाचे अनेक झाले. रिकामी नळकांडी चरात जायला लागली आणि माझी चकती चिखलाऐवजी पोलादावर आपटायला लागली. आणि हिल्केचे पाय अबोल होत गेले. आधी करंगळ्या गप्प झाल्या, मग बाकीची बोटं, मग टाचा. मार्चमध्ये काठावर बर्फाची किनार असताना तो चरात घसरला, तर गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणतो कसा, पाणी कोमट आहे. बदकंसुद्धा त्या पाण्यात कुरकुरत होती.

पकड सुटतेय म्हणून त्याने ट्यूबची आणखी एक पट्टी गुंडाळली. मग आणखी एक. जत्रेपर्यंत त्याचे पाय हत्तीचे दिसायला लागले. तरी घसरायचाच. शेवटी त्याने निकाल दिला की दोष काठीचा आहे, म्हातारी गुळगुळीत झाली आहे. फेन्ना म्हणाली, "काठी नाही घसरत, तुझं डोकं घसरलंय." त्याने ऐकलं नाही. बाटलीची फुटकी काच घेऊन त्याने मला बुडापासून शेंड्यापर्यंत खरवडलं. वोप्केच्या हाताची ती सगळी मऊ कातडी माझ्या अंगावरून गेली आणि जागोजाग कुसळं उभी राहिली.

रडले नाही. मात्र त्यातलं एक कुसळ, करंगळीएवढं, मी नीट धार लावून ठेवलं. लाकूड मुद्दाम काही करत नाही असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणू द्या.

जत्रेचा दिवस. काठावर सगळं गाव, टेबलावर साखरेचा पाव. फेन्नाची उडी झाली होती, चांगली झाली होती. हिल्के धावत आला, मला मिठी मारली, आणि गुडघ्यांनी, मांड्यांनी, नुसत्या हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढत राहिला. पाय सोबतीला लोंबत होते. तरी पोरगं पलीकडच्या वाळूत उतरलं, फेन्नाच्या खुणेच्या थोडं पुढे. टाळ्या झाल्या. हिल्के दोन्ही हात वर करून वाळूत नाचला, आणि वाळू लाल व्हायला लागली.

"हिल्के, पाय बघ," फेन्ना म्हणाली.

"कुठला?"

लोक हसले. तोही हसला. मग त्याने खाली पाहिलं. माझं कुसळ रबराच्या सगळ्या पट्ट्या भेदून त्याच्या तळव्यात बुडालं होतं. त्याने खाली बसून ते बोटाने दाबलं. पुन्हा दाबलं. आपल्या बहिणीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "मला काहीच जाणवत नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी त्याला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर तो आधी डगमगला आणि मग त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसला. वायूने शरीरातलं एक जीवनसत्त्व निकामी केलं होतं आणि पायांच्या नसा उपाशी मरत होत्या. त्यांनी त्या जीवनसत्त्वाच्या सुया चालू केल्या, फुगा कायमचा बंद केला, आणि स्पष्टच सांगितलं की पाय किती परत येतील, येतील की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही.

फेन्ना तिथून निघाली ती थेट बंधाऱ्यावर. यॉरितला तिने बूट काढायला लावले आणि मेंढ्यांसमोर त्याच्या तळव्यांना गवताच्या काडीने गुदगुल्या केल्या. तो हसून हसून आडवा झाला. "तुझे अजून जिवंत आहेत," ती म्हणाली, "आता नळकांडं उतरव." त्याने उतरवलं. पुढे चरातली सगळी भंगार नळकांडीही त्यानेच कमरेएवढ्या पाण्यात उतरून काढली, तेही विनातक्रार.

आणि मला म्हातारपणी नवी नोकरी लागली. आढ्यावरून काढून मला कमरेच्या उंचीवर आडवं बसवलं. हिवाळाभर हिल्के मला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. त्याने खरवडलेल्या जागा त्यानेच घासून गुळगुळीत केल्या, चालता चालता, तळहातांनी. एकदा माझी माफीही मागितली. मी दिली. कुसळाबद्दल मी मात्र मागितली नाही.

तर मित्रांनो, काठीला तेल द्या आणि पायांना मान द्या, दोघंही गप्प पडेपर्यंत कोणी त्यांची चौकशी करत नाही. आणि पुढच्या जत्रेत काय झालं ते ऐका. हिल्के आला, आणि वाऱ्यासारखा चढला. शेंडा संपला तरी चढतच राहिला, दोन हात नुसत्या हवेवर. चर्चच्या कळसावरच्या कोंबड्याचं एक पीस उपटलं आणि अलगद, पाण्याच्या थेंबालाही न शिवता, साखरेच्या पावाशेजारी...

"खोटं," फेन्ना म्हणाली. तिने तेलाचं फडकं खाली ठेवलं. "अर्ध्यावरसुद्धा चढला नाही तो. मधोमध पाण्यात पडला. मी काठावरच होते, नखशिखान्त भिजले."

"पाव तर त्यानेच खाल्ला," मी म्हटलं. तुमच्यातल्या कोणीतरी तिला विचारलं, मग पाव त्याला कसा मिळाला?

"मी दिला. मधला भाग," फेन्ना म्हणाली. "तो पाण्यातून वर आला तोच मुळी किंचाळत. पाणी गार आहे म्हणाला. फेन्ना, बोटांना गार लागतंय."