पंच्याऐंशीच्या खाली

ताईला पहिल्यापासून एक खोड होती. कुणी काही सांगितलं, की ते स्वतः करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कणकेत उकडलेला बटाटा घातला की पाव तीन दिवस मऊ राहतो, असं कुणी म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी तिच्या बेकरीत एका परातीत बटाटा पडे, शेजारच्या परातीत पडत नसे आणि दोन्हींचे पाव फडताळात नंबर लावून ठेवले जात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही, हा तिचा धंद्यातला नियम होता. बावीस वर्षांत त्या नियमाने बेकरीचं नाव झालं होतं आणि चाखून चाखून ताईचं वजन ब्याण्णव किलो झालं होतं.

एरवी त्या वजनाचं तिला सुखदुःख नव्हतं. पण तिच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून तो पडून राही आणि दिवसभराचं पाणी पेल्याने मोजून पिई. ताईने आपलं एक मूत्रपिंड देऊ केलं. तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त जुळतंय, मन तर जुळतंयच. वजन तेवढं आड येतंय." दोन महिन्यांत पंच्याऐंशीच्या खाली आलात तर पुढचं बघू, नाहीतर भावाला प्रतीक्षायादीत थांबावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्या यादीत माणसं वर्षानुवर्षं थांबतात, हे ताईने बाहेरच्या बाकावर बसलेल्यांकडून ऐकलं होतं.

ताईची मुलगी तरणतलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे आहाराबद्दल तिच्याकडे रोज एक नवी बातमी असायची. तिने पॅलिओ काढलं. शेती सुरू होण्याआधीचा माणूस जे खात असेल तेच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड चालतील. धान्य, डाळी, दूध, साखर बंद. ताईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या माणसाला गरम पाव कुणी दिला असता, तर त्याने नको म्हटलं असतं का?" मुलीने हसून विषय बदलला. ताईला मात्र प्रश्न चावला. ती माणसं बारीक होती ती त्यांच्या खाण्यामुळे, की ते खाणं मिळवायला दिवसभर धावावं लागे म्हणून?

डॉक्टरीणबाईंनाही तिने सोडलं नाही. त्यांनी हात राखूनच सांगितलं. सुरुवातीचे काही महिने बऱ्याच जणांचं वजन उतरतं, कारण साखर आणि मैदा सुटतो आणि माणूस एकूणच कमी खातो. पुढे काय होतं याची खात्री देण्याइतका पुरावा नाही. करून बघा, पण मांसाचा ढीग घेऊन बसू नका, भाज्या जास्त ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी घराजवळच रक्त तपासून घ्या. "करून बघा" हे दोन शब्द ताईला पुरेसे होते.

पहिले चार दिवस काय विचारता. दुसऱ्यांसाठी पाव भाजायचे, त्या वासात उभं राहायचं आणि स्वतः उकडलेलं अंडं आणि काकडी खायची. डोकं दुखे, पोटात कावळे ओरडत, कारागिरावर उगाच आवाज चढे. चाखायचं काम तिने त्याच्यावर सोपवलं आणि त्याचा चेहरा बघून मीठ ओळखायला शिकली. पाचव्या दिवशी डोकेदुखी थांबली. आठवड्याच्या शेवटी न्हाणीघरातल्या काट्याने साडेनव्वद दाखवले आणि घरात आनंदीआनंद झाला.

तो काटा धाकट्या भावानेच आणून दिला होता. काटे दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. वाण्याचे, टपालाचे, दवाखान्याचे काटे त्याच्या हाताखालून जात. काटा कुणाचा सगा नसतो, असं तो म्हणे आणि तसाच वागे. एकदा ताईच्याच बेकरीतला काटा आठ ग्रॅमने चुकतोय असं दिसलं, तर नवा भाग येईपर्यंत चार दिवस त्याने तो कुलपात ठेवला होता. बहीण म्हणून एक दिवसाची सवलत नाही. दर रविवारी तो जेवायला येई आणि जाताना न्हाणीघरातला काटा उलटा करून बघून घेई. नव्या काट्याची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, बसायला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या आठवड्यात काटा म्हणाला एक्क्याण्णव. मग साडेएक्क्याण्णव. पाचव्या आठवड्यात तो पुन्हा ब्याण्णववर येऊन बसला. पालथ्या घड्यावर पाणी. मुलीला वाटलं, आई बेकरीत हळूच काहीतरी तोंडात टाकते. तिने तसं विचारलंही. ताईला ते फार लागलं. दोन दिवस ती मुलीशी धड बोलली नाही. धाकटा मात्र समजुतीने बोलला. सगळ्यांच्या शरीराला सगळं मानवत नाही, तू जीव नको काढूस, मी यादीत थांबेन. डॉक्टरीणबाईंची तारीख साडेतीन आठवड्यांवर आली होती. त्या रविवारी ताई त्याच्यासमोर पहिल्यांदा रडली.

पण रडून झाल्यावर तिची मूळची खोड जागी झाली. वजन तसूभर हललं नाही म्हणावं, तर एप्रनच्या नाड्या आता मागे गाठ मारून पुढेही वेढा घालून उरत होत्या. विजारीला पिन लावावी लागत होती. दोन साक्षीदार आणि दोघांच्या जबान्या वेगळ्या. कुणीतरी खोटं बोलत होतं आणि विजारीला खोटं बोलून काही मिळण्यासारखं नव्हतं.

सोमवारी पिठाची गाडी आली तेव्हा तिने दोन बंद पोती घरी उतरवून घेतली. पंचवीस-पंचवीस किलोची, गिरणीची शिवण असलेली. एका वेळी एकच गोष्ट. काटा रिकामा, तेव्हा बरोबर शून्यावर. एक पोतं ठेवलं, सव्वीसच्या पुढे. दुसरं वर ठेवलं, साडेबावन्न. बावीस वर्षांत गिरणीवाल्याने मूठभर पीठ कधी फुकट दिलं नव्हतं, तो अडीच किलो देईल यावर तिचा विश्वास बसेना. तिने पोती उतरवली, क्रम बदलला, काटा दुसऱ्या फरशीवर नेला. साडेबावन्न.

मग तिने कागद घेऊन हिशोब केला. काटा पन्नासाला अडीच जास्त सांगत असेल, तर तिच्या ब्याण्णवातले साडेचार किलो खोटे होते. म्हणजे वजन उतरलं होतं. आदिमानवाच्या पुण्याईने, की नुसता पाव सुटला म्हणून, ते काही तिला सांगता आलं नसतं, कारण एका वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या आणि तिचाच नियम मोडला होता. पण उतरलं होतं. क्षणभर तिला हसू आलं.

हसू गेलं ते काटा उलटा केल्यावर. आतल्या स्क्रूच्या डोक्यावर ताजे, चकचकीत ओरखडे होते. रिकामा असताना शून्य आणि भार पडला की जास्त, एवढं सफाईचं काम नुसत्या बिघाडाने होत नाही. तो काटा उघडणारा माणूस एकच होता. ताई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. तिला राग आला, आणि रागापेक्षाही जास्त नवल वाटलं. आठ ग्रॅमसाठी चार दिवस कुलूप लावणारा माणूस हे करतो तरी कसा?

काटा पिशवीत घालून ती सरळ त्याच्या दुकानात गेली. टेबलावर एका वाण्याचा काटा उघडा पडला होता, भिंतीला लागून पोती तोलायचा मोठा लोखंडी काटा उभा होता आणि धाकटा बारीक पेचकस हातात धरून खुर्चीत बसला होता. सकाळी चार तास यंत्रावर काढल्याने त्याचा चेहरा अजून उतरलेला होता. तिने पिशवीतला काटा त्याच्यासमोर ठेवला. पोत्यांचं सांगितलं. त्याने कानावर हात ठेवले नाहीत, की सबबही सांगितली नाही. फक्त पेचकस खाली ठेवला.

"केव्हापासून?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या रविवारपासून. थोडं थोडं." तो खाली बघून बोलत होता. "वाटलं, कंटाळून सोडशील. तुला चिरतील, ताई. धडधाकट माणसाला माझ्यासाठी चिरतील. तिथे काही झालं, तर मी उरलेला जन्म कशावर काढू? तुझ्याच मूत्रपिंडावर?"

त्या काट्यामुळे मुलीच्या डोळ्यांत ती खोटी ठरली होती आणि त्याने ते समोर बसून पाहिलं होतं, हे तिने त्याला सुनावलं. बोलता बोलता तिच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. "दवाखान्यातला काटाही तूच बघतोस ना?"

त्याने मान डोलावली. "गेलो होतो मागच्या आठवड्यात. त्याचं झाकणही काढलं. पण त्या काट्यावर लहान मुलांना उभं करतात आणि बघून औषध मोजतात. हात धजला नाही. झाकण लावून परत आलो."

मग ताईने चपला काढल्या आणि ती मोठ्या लोखंडी काट्यावर जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंकडे ती आपल्या मर्जीने जाणार होती आणि चिरून घ्यायचं की नाही हा निर्णय तिचा होता, एवढं तिने त्याला शांतपणे सांगितलं. भीती तिलाही वाटत होती, तेही सांगितलं. रात्री-अपरात्री दवाखान्याच्या बाकावर बसून यादीत त्याचा नंबर मोजण्याची भीती त्याहून मोठी होती.

"आता तू माप," ती म्हणाली. "आणि मोठ्याने सांग."

धाकटा उठायला तयार होईना. ताई उतरायला तयार होईना. शेवटी तो टेबलाला धरून उठला, काट्यापाशी आला आणि दांडीवरचं वजन सरकवू लागला. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. ती स्थिर होईपर्यंत तो थांबला. मग वाकून, डोळे बारीक करून, कुठल्याही गिऱ्हाइकाचा आकडा वाचावा तसा त्याने तिचा आकडा वाचला.

"साडेसत्त्याऐंशी," तो म्हणाला. त्याने दांडी परत शून्यावर आणली, बाहीने डोळे पुसले आणि तिला उतरायला हात दिला.

"अडीच किलो राहिलेत, ताई."